पक्क्या बांधणीची सुशी

सुशी म्हणजे शेवटी बाइंडिंगच, असं बाइंडरने कोपऱ्यावरच्या दुकानात, फ्रीजच्या उघड्या दारासमोर उभं राहून जाहीर केलं, तेव्हा त्याच्या पोटात सकाळपासून दोन केळी आणि एक बिस्कीट एवढंच होतं. हे लक्षात घेतलं तर त्या विधानाबद्दल त्याला माफ करता येतं. पुढे जे झालं त्याबद्दल मात्र जरा विचार करावा लागेल.

दिवसभर चौघं दीपगृह बघायला गेली होती. बाइंडर, त्याची बायको, बायकोची मोठी बहीण म्हणजे ताई, आणि ताईंचे यजमान म्हणजे बाइंडरचे साडू. दीपगृहाला दोनशे चौदा पायऱ्या आहेत असं खाली पाटीवर लिहिलं होतं. साडूंनी चढताना मोजल्या त्या दोनशे बारा भरल्या. वर गेल्यावर दार बंद होतं, आत रंगकाम चालू असल्याची चिठ्ठी होती. उतरताना साडूंनी पुन्हा मोजल्या, पुन्हा दोनशे बारा. मग त्यांनी खाली पहारेकऱ्याला गाठून पाऊण तास समज दिली. तेवढ्या वेळात उपाहारगृह बंद झालं, दुपारची बस गेली आणि वाऱ्यात उभं राहून बाइंडरच्या बायकोला सडकून सर्दी झाली.

साडू हे वजनमापे खात्यातले निरीक्षक. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण खिशातली स्टीलची टेप निवृत्त झाली नव्हती. ते जिथे बसत तिथल्या बाकाची उंची त्यांना माहीत असे. परतीच्या बसमध्ये त्यांनी बाइंडरला तासभर समजावून सांगितलं की आता मशीन आलंय, अडीच सेकंदांत एक पुस्तक बांधून बाहेर पडतं, त्यामुळे हाताने पुठ्ठे चिकटवत बसण्यात काही अर्थ उरलेला नाही. हे ते गेली तीस वर्षं सांगत होते. पूर्वी मशीनला चार सेकंद लागायचे, एवढाच काय तो फरक.

म्हणून दुकानात पाव संपलेला, अंडी संपलेली आणि शेल्फवर फक्त 'घरच्या घरी सुशी' असं लिहिलेलं एक खोकं उरलेलं दिसल्यावर बाइंडरच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

"तुम्ही कधी खाल्लीये का?" बायकोने नाक पुसत विचारलं.

"बघितलीये. एका गिऱ्हाइकाकडे. वरून काळा कागद, आत भात, भाताच्या मधोमध काहीतरी. गुंडाळायचं, दाबायचं, कापायचं. तीस वर्षं मी दुसरं काय करतोय? फक्त भात नव्हता."

ताईंनी चष्मा वर करून खोक्यावरचा मजकूर वाचला. "कागद नाहीये तो. समुद्रातलं शेवाळ असतं. पातळ थापून वाळवलेलं."

"पातळ थापून वाळवलं की कागदच झाला," बाइंडर म्हणाला. "कागद तरी वेगळा कसा करतात?"

साडू म्हणाले, "मशीनवर," आणि बाइंडरने खोकं उचललं. सोबत दोन काकड्या आणि धुरावलेल्या माशाचं एक पाकीट घेतलं.

घरी पोचेपर्यंत साडेसहा झाले होते आणि फोन वाजत होता. फोनवर हेडबाई होत्या. हेडबाई म्हणजे वस्तीतल्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. त्यांचे यजमान बंदरावर भरती-ओहोटीची नोंद ठेवायच्या कामावर होते. रोज चार वेळा पाणी किती चढलं, किती उतरलं, वारा कुठला, असं एकतीस वर्षं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. मागच्या वर्षी ते गेले. आता बाई घर आवरून मुलीकडे राहायला निघाल्या होत्या, आत डोंगरांच्या बाजूला, समुद्रापासून बारा तासांवर. त्या सगळ्या नोंदी त्यांनी चार खंडांत बांधायला बाइंडरकडे दिल्या होत्या आणि उद्या दुपारी न्यायच्या होत्या.

"मुलीने पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलंय," बाई म्हणाल्या. "मी आज साडेसातला येते."

काम जवळजवळ झालंच होतं. शिवण झाली होती, पुठ्ठे चढले होते, राहिली होती फक्त अस्तरं. पुस्तक उघडल्यावर पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला जो कागद चिकटवलेला दिसतो, ते अस्तर. बाईंसाठी म्हणून बाइंडरने मुद्दाम हातकागद निवडून आणला होता, काळाभोर. एका खंडाला दोन, असे आठ तुकडे मापात कापून तयार होते.

"तुम्ही तुमची सुशी करा," बायको म्हणाली. "अस्तरं मी लावते."

दारावरच्या पाटीवर नाव त्याचं होतं, पण नजाकतीचं काम तिचं, हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. बाइंडरलाही माहीत होतं. हा विषय कधी निघाला नव्हता, इतकंच.

वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर कपाटाएवढं. त्यात एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने दारातून सूचना कराव्या लागत. तेव्हा भात वर शिजवून सगळा सरंजाम खाली वर्कशॉपमध्ये आणायचा ठरलं. तिथे दहा फुटी टेबल होतं, वरून जस्ताचा पत्रा ठोकलेलं. एका टोकाला बायकोने चार खंड, ब्रश आणि खळीचं पातेलं मांडलं. खळ तिने सकाळीच केलेली, तांदळाच्या पिठाची, पांढरीशुभ्र. दुसऱ्या टोकाला बाइंडरने भात, काकडी, मासा आणि खोक्यातले दहा काळे पापुद्रे मांडले.

"हात?" साडूंनी विचारलं.

"धुतलेत."

"धुतले म्हणजे काय? किती वेळ? तीस वर्षांचा डिंक आहे त्या नखांत." साडूंनी स्वतः कपाट उघडून चामडं रंगवायच्या वेळी घालायचे प्लास्टिकचे हातमोजे शोधून काढले आणि बाइंडरला घालायला लावले.

इथेच घात झाला. कारण डोळे बांधून कुठलाही कागद हातात दिला तरी बाइंडर तो ओळखत असे, पण हातमोजे घालून त्याला कागद आणि केळीचं साल यांतला फरक कळला नसता. बायकोला तरी वासावरून कळलं असतं, पण तिचं नाक दुपारपासून बंद होतं. आणि ताईंना, ज्यांचे हात मोकळे होते आणि नाक उघडं होतं, स्वच्छतेचं वेड होतं. टेबल बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी दोन्हीकडचे काळे गठ्ठे उचलले, पत्रा ओल्या फडक्याने लखलखीत पुसला, आणि गठ्ठे पुन्हा नीट मांडून ठेवले. मांडताना बाजू बदलल्या. दोन्ही काळे, दोन्ही साधारण एकाच मापाचे, त्यांच्या मते एकाच कामाचे.

त्यानंतर चाळीस मिनिटं त्या वर्कशॉपमध्ये फार मन लावून काम झालं.

बाइंडरने पहिला ताव समोर घेतला, त्यावर भात थापला आणि घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीने तो असा सपाट केला की जणू कोणाचा प्रबंध आहे. काकडी आणि मासा ठेवला. गुंडाळी केली. शेवटची कड काही चिकटेना.

"पाणी लावून बघा," ताई म्हणाल्या.

पाण्याने चिकटेना. तेव्हा त्याने हात लांब करून बायकोच्या पातेल्यातून ब्रशभर खळ घेतली. "तांदळाचीच आहे," तो म्हणाला. "भाताला भात लावला."

मग ती गुंडाळी त्याने छोट्या शिकंज्यात, म्हणजे पुस्तकं दाबायच्या लोखंडी यंत्रात ठेवली आणि चाक पाव फेरा फिरवलं. पाच मिनिटं दाब. मग कटिंग मशीन. पातं खाली आलं, खच्च आवाज झाला आणि एकसारखे आठ तुकडे पडले. अशा सहा गुंडाळ्या त्याने केल्या.

साडूंनी टेप काढली. पहिला तुकडा मोजला. "बावीस मिलिमीटर." दुसरा मोजला. "बावीस." पाचवा मोजला, अकरावा मोजला, मधलेच दोन उचलून मोजले. मग टेप सुरकन बंद करून ते म्हणाले, "मानलं बुवा. माप बिनचूक आहे."

तीस वर्षांत साडूंच्या तोंडून बाइंडरबद्दल निघालेलं हे पहिलं बरं वाक्य. बाइंडरचे कान लाल झाले. त्याला ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं आणि पुन्हा कसं म्हणायला लावावं हे कळत नव्हतं.

तिकडे बायकोची अस्तरं लागत होती. "हा कागद खळ फार पितोय हो," ती म्हणाली.

"हातकागद आहे. पिणारच," बाइंडर पाठमोरा म्हणाला.

"आणि यंदा जरा हिरवट झाक आलीये."

"भारी मालाला येते."

जाता येता साडूंनी खळीच्या पातेल्यातले दोन चमचे चाखले आणि भात जरा जास्त शिजल्याचं मत नोंदवलं. आठही अस्तरं चिकटली. चारही खंड मोठ्या शिकंज्यात गेले आणि चौघं टेबलाच्या स्वच्छ टोकाला जेवायला बसली.

पहिली दोन मिनिटं कोणी बोललं नाही. भूक लागली की माणसं बोलत नाहीत, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही. पुढची दोन मिनिटंही कोणी बोललं नाही, कारण पहिला घास अजून संपला नव्हता.

"आतून छान आहे," ताई शेवटी म्हणाल्या.

"मला कसला वासच येत नाहीये," बायको म्हणाली, "पण दाताखाली लागतंय काहीतरी."

"हे चावायचं किती?" ताईंनी विचारलं.

"सावकाश खायचा पदार्थ आहे तो," बाइंडर म्हणाला. त्याच्या डाव्या दाढेत एक लांबलचक पट्टी अडकली होती आणि ती गिळावी तर दुसरं टोक बाहेर राहत होतं. "घाईने खाल्लं तर कळत नाही."

साडू मात्र खात होते. एकदा माप बिनचूक आहे असा निर्णय दिल्यावर ते स्वतःच्या निर्णयाविरुद्ध जाणारे नव्हते. कपाळावरची शीर उडत होती, कानशिलं वरखाली होत होती, पण एकामागून एक तुकडे जात होते. "तंतुमय आहे," सातव्या तुकड्यानंतर ते म्हणाले. "पोटाला चांगलं असतं." अकरावा तुकडा तोंडात टाकला तेव्हा दार वाजलं.

हेडबाई आल्या. काठी नाही, हातात एक रिकामी पिशवी, पाठ शाळेच्या खांबासारखी सरळ. बायकोने शिकंजा सैल करून खंड काढले, पुसले आणि बाईंसमोर ठेवले. बाईंनी पहिल्या खंडाचा पुठ्ठा उघडला आणि तशाच थांबल्या. मग हळूच खाली वाकल्या. मग पुस्तक वर उचलून त्यांनी चेहऱ्याजवळ धरलं.

बाइंडरला वाटलं, शिवण वाकडी गेली.

"हे कामावरून आले की कोट दाराच्या मागे लावायचे," बाई म्हणाल्या. "घरभर असा वास यायचा. मी रोज ओरडायचे. तो कोट देऊन टाकला मागच्या महिन्यात, धुऊन." त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. "तुम्हाला कसं सुचलं हे?"

खरं म्हणजे काय सुचलं हेच बाइंडरला कळलं नव्हतं. पण साडू समोर बसले होते. आणि एका संध्याकाळी दोनदा कौतुक होण्याचा त्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

"ते हातात असावं लागतं, बाई," तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. ताईंनी डोळे पुसले. साडूंना काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंड मोकळं नव्हतं.

"बसा ना बाई," बायको म्हणाली. "आमचं जेवण चाललंय. साधंच आहे. एक घ्या."

बाईंनी नको नको म्हणत एक तुकडा घेतला. एकदा चावला. दुसऱ्यांदा चावला. तिसऱ्यांदा चावता चावता त्यांची नजर बदलली. त्यांनी तो तुकडा रुमालात काढला, रुमाल घडी करून बाजूला ठेवला आणि टेबलाभोवती सगळ्यांकडे एक एक करून बघितलं. मग साडूंसमोर तळहात धरला.

"थुंका."

ज्या माणसाने भल्या भल्या व्यापाऱ्यांचे तराजू जप्त केले होते, त्या माणसाने निमूटपणे बशी पुढे ओढली आणि तुकडा थुंकला.

"चाळीस वर्षं वर्गात मुलांच्या तोंडातून कागद काढलाय मी," बाई म्हणाल्या. "हा कागद आहे."

"शेवाळाचा," बाइंडर म्हणाला.

"कागदाचा कागद आहे."

बाइंडरने हातमोजे काढले. टेबलाच्या त्याच्या टोकाला दोन ताव उरले होते. त्याने एकावरून अंगठा फिरवला, कडेला बोट लावलं, आणि खाली बसला. आपल्याच हाताने निवडून आणलेला, आपल्याच हाताने कापलेला कागद. त्याच्या सहा तावांचे एकूण अठ्ठेचाळीस तुकडे झाले होते आणि त्यातले बरेचसे आता चार पोटांत होते.

मग सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार एकाच वेळी आला. सगळ्यांच्या माना चार खंडांकडे वळल्या. बायकोच्या टोकालाही दोन ताव शिल्लक होते. तिने त्यातला एक उचलून कोपरा मोडला. कट्‌कन मोडला. जिभेवर ठेवला.

"खारट आहे," ती म्हणाली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

ताईंनी हातातल्या फडक्याकडे बघितलं आणि ते हळूच टेबलाखाली ठेवलं.

बायको भडाभडा बोलायला लागली. बाई, आत्ता उकलून काढते, दुसरा कागद लावते, तीन तास द्या, दोन तास द्या, माझी चूक झाली, तीस वर्षांत असं कधी झालं नाही. तिचा आवाज चिरकायला लागला. बाइंडरला ते बघवेना. चूक तिची नव्हती, हे त्याला कळत होतं. आणि दहा मिनिटांपूर्वी आपण काय म्हणालो तेही आठवत होतं.

"बाई," तो उठून उभा राहिला, "मघाशी मी म्हटलं ते खोटं होतं. हातात काही नव्हतं. हातात हातमोजे होते. सुशीच्या नादात तुमची पुस्तकं समुद्राच्या शेवाळाने मढवली गेली. तिने नाही, मी. हा माझ्या बढाईचा प्रताप आहे."

साडूंसमोर हे बोलणं त्याला किती जड गेलं हे सांगायला नको. साडूंनी मात्र मान वर केली नाही. ते बशीतल्या आपल्या तुकड्याकडे बघत होते.

हेडबाई खुर्चीत बसल्या. पहिला खंड त्यांनी पुन्हा उघडला. "हे किती दिवस टिकेल?"

"दमट हवेत चार महिने टिकलं तर नशीब," बाइंडर खालच्या मानेने म्हणाला. "कोरड्या हवेत जास्त."

"मुलीकडे ओठ फुटतात इतकी कोरडी हवा आहे." त्यांनी पुस्तक मिटलं. "राहू दे असंच. वास गेला की पाठवून देईन. तेव्हा तुमचा तो कागद लावा."

बायकोने नाक पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

"आणि आता मला सांगा," बाई म्हणाल्या, "तुम्ही जेवलात काय?"

बाईंनी बाह्या वर केल्या. खरे पापुद्रे दोनच उरले होते, त्यातला एक कोपरा मोडलेला. भात मात्र भरपूर होता. त्यांनी पापुद्र्यांचे हातानेच चार चार चौकोन केले, प्रत्येकावर चमचाभर भात, काकडी, मासा, आणि पान दुमडावं तसं दुमडून एकेकाच्या हातात दिलं. मापं काही जुळत नव्हती. कोणाचं तिरकं, कोणाचं फुगलेलं, ताईंच्यातून भात गळत होता. पण घास तोंडात गेला की कुर्रकन आवाज होत होता आणि मग तो घास संपत होता. घास संपणं ही किती सुखाची गोष्ट आहे हे त्या चौघांना त्या संध्याकाळी कळलं.

"माझं काय होईल?" साडूंनी बारीक आवाजात विचारलं. "मी दहा गिळलेत."

"काही होत नाही," हेडबाई बोटं चाटत म्हणाल्या. "एका मुलाने माझ्यादेखत अख्खं प्रगतिपुस्तक खाल्लं होतं. पुढे तो डॉक्टर झाला."

बाइंडरने खंड पिशवीत भरले आणि बाईंना घरापर्यंत पोचवून आला. परत येताना रस्त्यात त्याला दोन मांजरं भेटली. ती बाईंच्या दाराच्या दिशेने निघाली होती. त्याने त्यांना हाकललं आणि घरी आल्यावर त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ताईंचा फोन आला.

"कसे आहेत आमचे साडूसाहेब?" बाइंडरने काळजीने विचारलं.

"ठणठणीत आहेत. रात्री झोपले नाहीत, पण ते पोटामुळे नाही. विचार करत होते. तुम्हाला विचारायला सांगितलंय, तो कागद किती ग्रॅमचा होता?"

"ऐंशी," बाइंडर म्हणाला. "चौरस मीटरला ऐंशी ग्रॅम. चौदा वर्षं मी एकाच व्यापाऱ्याकडून घेतो."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग मागून साडूंचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "ऐंशीचा वाटला नाही. सत्तरच्या वर नसणार. अकरा तुकडे चावलेत मी."

बाइंडरने फोन ठेवला. मग खाली वर्कशॉपमध्ये जाऊन त्याने उरलेल्या दोन तावांची लांबी-रुंदी घेतली, ते काट्यावर ठेवले आणि कागदावर हिशोब मांडला. मग पुन्हा ठेवले आणि पुन्हा मांडला.

एकोणसत्तर.

ही गोष्ट त्याने साडूंना अजून सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.